सारंगखेड्याहून घोडी आणायची आहे: रक्ततपासणी, प्रवास, चंदी?

नीराकाठ:
दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याला (नंदुरबार जिल्हा) मारवाडी घोडी घ्यायचं ठरलंय. चार दात (वयाची खूण), कुमैत (तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपूट), उंची ६१ इंच सांगतात. तिथून बारामती तालुक्यात आणायची आहे, म्हणजे चारशे किलोमीटरहून जास्त. पागेत आधीची एक घोडी आणि तिचं शिंगरू आहे. विचारायचं ते असं: (१) ग्लँडर्सची तपासणी बाजारातच होते का, कोणते कागद मागावेत? (२) पिकअपमध्ये बांधायची कशी, किती वेळाने थांबायचं? (३) आल्या दिवसापासून आपली चंदी (दाणा) सुरू करावी का? (४) पोट दुखलं तर नाळीने (बांबूच्या नळकांड्याने) तेल पाजतात, ते बरोबर आहे का?

पशुवैद्य_माण:
पहिल्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण त्यात चूक झाली तर पागेतली दोन्ही जनावरं आणि घरातली माणसंही अडचणीत येतात. ग्लँडर्स हा बर्कहोल्डेरिया मॅलिआय या जिवाणूचा रोग. तो माणसाला होतो, त्यावर लस नाही. २००९ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तो कळवणं बंधनकारक आहे, आणि पक्कं निदान झालेलं जनावर ठेवता येत नाही, शास्त्रीय पद्धतीने मारावं लागतं. निदान रक्तजलावर (सीरमवर) होतं. त्यासाठीची देशातली मुख्य प्रयोगशाळा हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात आहे. म्हणजे बाजारात रक्त काढलं तरी अहवाल हातात यायला दिवस जातात. विकणाऱ्याकडे आधीचा अहवाल असेल तर त्यावरची तारीख बघा, आणि रंग, भोवरे, कपाळावरचा चांद, पायांचे पांढरे मोजे, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर, हे सगळं समोरच्या घोडीशी ताडून घ्या. नुसता ‘निगेटिव्ह’ लिहिलेला कागद कुठल्याही घोडीचा असू शकतो. अहवाल नसेल तर गावी आल्यावर लगेच नमुना पाठवा आणि विलगीकरण संपताना पुन्हा एकदा. रोग अंगात दबून राहतो, एका तपासणीने खात्री होत नाही.

डोळ्यांनी काय बघायचं? दोन्ही नाकपुड्या आतून बघा: चिकट पिवळा स्राव, फोड, भरलेल्या जखमेचे चांदणीसारखे वण. मागच्या पायांच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवा, माळेसारख्या गाठी लागल्या तर ती घोडी घेऊ नका. जबड्याखालच्या गाठी दाबून बघा. त्या सुजलेल्या, दुखऱ्या असतील तर स्ट्रँगल्सही (घशाच्या गाठी पिकण्याचा संसर्गजन्य रोग) असू शकतो. तो बाजारात जास्त भेटतो आणि संसर्ग झाल्यावर ३ ते १४ दिवसांत दिसतो.

म्हणून नवी घोडी २१ दिवस वेगळी. वेगळी म्हणजे नाकाला नाक लागणार नाही इतकी लांब, बादली, खरारा, तोबरा, लगाम सगळं तिचं स्वतःचं. आधी जुन्या घोडीची आणि शिंगराची कामं उरकायची, मग नवीकडे जायचं, उलटं कधीच नाही. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून लिहून ठेवा. ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक, त्यावर गेला तर फोन करा.

धनुर्वाताची लस झाली आहे का तेही विचारा. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, खुरातल्या एका खिळ्याने होतो. माहिती नसेल तर झालेली नाही असंच धरा: दोन डोस, मध्ये ४ ते ६ आठवडे, मग वर्षाला एक.

टाप_आणि_तंग:
प्रवासाबद्दल. चढवण्याआधी पशुवैद्यकाचा ‘प्रवासाला योग्य’ असा दाखला घ्या, १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत तो लागतो, नाक्यावर विचारतात.

पिकअपच्या तळाला नुसता पत्रा नको. रबरी मॅट, तिच्यावर चार बोटं वाळू किंवा भाताचं तूस. ओल्या पत्र्यावर पाय घसरला की घोडी घाबरून उडी मारते, आणि पाय मोडतो तो बहुतेक तिथेच.

बांधण्यात सगळेच एक चूक करतात: तोंड वर करून आखूड बांधतात, घोडी मान खाली घालून दावं पायात अडकवेल या भीतीने. पण डोकं आठ-दहा तास उंच राहिलं की श्वासनळीतली घाण खाली उतरून बाहेर पडत नाही, फुप्फुसात साचते. दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला, चारा सुटणं असं सुरू होतं आणि माणूस म्हणतो की हवा बदलली. तो खरा न्यूमोनिया असतो. दावं इतकं ठेवा की नाक छातीच्या खाली येईल, पण जमिनीला लागणार नाही. सुटकेची गाठ मारा, एक टोक ओढलं की मोकळी व्हावी.

दर तीन-साडेतीन तासांनी वीस-तीस मिनिटं थांबा. इंजिन बंद, डोकं पूर्ण खाली घालू द्या, पाणी दाखवा. धुळ्याच्या अलीकडे पहिला थांबा, तिथून पुढे तुम्हीच आखा. पाणी सारंगखेड्याचंच दोन कॅनमध्ये भरून घ्या, अनोळखी वासाचं पाणी बऱ्याच घोड्या पीत नाहीत. प्रवासात चंदी अजिबात नको, तोंडात गवत पुरे. धूर, धूळ सरळ नाकात जाऊ नये म्हणून पुढची बाजू ताडपत्रीने झाका, मागची मोकळी ठेवा.

चंदीखाना:
तिसऱ्याचं उत्तर: नाही. विकणारा काय घालतो ते विचारा आणि त्याच्याकडूनच आठ दिवसांचा चारा, चंदी विकत घ्या. मग ७ ते १० दिवसांत रोज थोडं जुनं कमी, आपलं थोडं जास्त. घोड्याच्या मोठ्या आतड्यात चारा कुजवणारे जंतू असतात. खाद्य एकदम बदललं की ते मरतात, वायू आणि आम्ल वाढतं, पोटशूळ होतो, आणि कधी त्यामागून खुरांची सूज येते. अशी लंगडी घोडी पूर्ववत होईल याची खात्री नसते.

वजन टेपने काढा. पुढच्या पायाच्या कोपरामागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्यापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६८ आणि लांबी १५० असेल तर साधारण ३५६ किलो. सुका चारा वजनाच्या दोन टक्के, म्हणजे ७ किलो, थोडा जास्तच द्या. चंदी काम नसताना दीड-दोन किलो, तीन वेळांत वाटून. एका वेळी दीड किलोच्या वर कधी नाही. हरभरा आठ-दहा तास भिजवून. मीठ रोज ३० ग्रॅम.

गव्हाचा कोंडा रोज तोबराभर घालू नका. त्यात स्फुरद (फॉस्फरस) जास्त, कॅल्शियम कमी, त्यामुळे हाडातलं कॅल्शियम ओढलं जाऊन तोंडाची हाडं फुगतात. थोडा लसूणघास दिला की तोल राहतो. कडब्याची कुट्टी बोटभर लांब ठेवा. अगदी बारीक केली की घोडी न चावता गिळते, घशात अडकते. कोवळी हिरवी ज्वारी नको. बुरशीचा मका तर पूर्ण बाहेर, त्याने मेंदू सडतो.

आणि शेजारच्या गोठ्यातलं गाईचं किंवा कोंबड्यांचं खाद्य ‘मूठभर’ म्हणूनही घालू नका. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला चालतं ते घोड्याच्या हृदयाचा स्नायू मारतं, उपाय नाही. पोत्यावरचं लेबल वाचा, लेबल नसेल तर नकोच.

नीराकाठ:
चौथं राहिलं. गावाकडे सगळे नाळीने एरंडेल पाजतात. डिसेंबरात पोट फुगण्याच्या तक्रारी जास्त येतात असंही ऐकलं.

पशुवैद्य_माण:
नाळ पूर्ण बंद करा, यात दुसरं मत नाही. मान वर करून तोंडात तेल ओतलं की काही भाग श्वासनळीत जातो, आणि तेल फुप्फुसात गेलं की ते बाहेर येत नाही. पोटशूळ बरा होऊनही घोडी न्यूमोनियाने जाते. घोड्याला ओकता येत नाही, म्हणून जठर भरलं की ते फुटण्यापर्यंत ताणतं. पोटातलं काढणं किंवा औषध घालणं हे नाकातून नळी टाकूनच, आणि ते पशुवैद्यकानेच करायचं.

डिसेंबरात वाढतं हे खरं. थंड पाणी कमी प्यायलं जातं, कडबा सुका, प्रवासाने अंगातलं पाणी आधीच घटलेलं, म्हणून लीद आतड्यात गच्च होते. प्रवासानंतर पहिले पाच दिवस पाणी कोमट करून ठेवा, कडबा भिजवून घाला. पाणी बादलीने मोजून द्या, सुक्या चाऱ्यावर २५ लिटरच्या आसपास जायला हवं. लीद मोजा. दिवसात सात-आठ वेळा, ओलसर गोळे. बारा तास काहीच नाही, किंवा लहान, कोरडे, आवरण चकचकीत असलेले गोळे आले तर तेव्हाच कळवा.

पोट दुखतंय हे असं ओळखा: पुढच्या पायाने माती उकरते, कुशीकडे वळून बघते, चारा सोडते, बसते आणि उठते, घाम येतो. मग चारा-चंदी उचला, पाणी राहू द्या. जबड्याखालच्या रक्तवाहिनीवर बोट ठेवून तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. २८ ते ४४ ठीक, ६० च्या वर गंभीर. हिरडी दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. दोन्ही कुशींना कान लावा, गुरगुर ऐकू न येणं जास्त वाईट. या तिन्ही गोष्टी फोनवर सांगा, त्यावरून किती घाईने यायचं ते ठरतं. दहा-पंधरा मिनिटं सावकाश फिरवा, तासन्‌तास नको. शांत पडून राहिली तर पडू द्या, लोळायला लागली तर उठवा. दुखणं थांबवायचं इंजेक्शन स्वतः देऊ नका. वेदना झाकली जाते, पीळ आतच राहतो, आणि शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते.

टाप_आणि_तंग:
नाल काढायला-बसवायला आल्या आल्या नालबंद बोलावू नका, तोही इतर पागांतून येतो. विलगीकरण संपल्यावर बोलावा, त्याची अवजारं तुमच्यासमोर धुऊन घ्या. तोवर रोज चारही खूर खरवडा. मधल्या मऊ त्रिकोणातून काळं, दुर्गंधी पाणी आलं तर बसायची जागा ओली आहे, आधी ती कोरडी करा.

आणि एक, घेण्याआधीचंच. घोडी शर्यतीला किंवा मिरवणुकीला हवी नसेल, नुसती रानात, रोजच्या फेऱ्याला हवी असेल, तर भीमथडीचाही विचार करा. ती आता स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली आहे, आणि नीरा-भीमेच्या पट्ट्यातला चारा, ऊन तिला आधीच माहीत आहे. चारशे किलोमीटरचा प्रवासही वाचेल.