मदत हवी आहे: पेशंटच्या औषधांची नोंद नीट कशी ठेवता?

नमस्कार मंडळी, तालुक्याच्या गावी आमचं छोटं मेडिकल आहे, मी आणि एक पोरगा असे दोघंच काउंटरला. शेड्यूल एच१ चं (काही अँटिबायोटिक, टीबीची, सवय लागणारी अशी कडक नोंद लागणारी औषधं) रजिस्टर आम्ही व्यवस्थित ठेवतो, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं सगळं, आणि ते ३ वर्षं जपून ठेवायचं हेही माहितीये. प्रश्न त्याचा नाहीये. प्रश्न आहे बीपी-शुगरच्या नेहमीच्या पेशंटांचा.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या, पिशवीत टेल्मिसार्टन ४० या बीपीच्या गोळीच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रिप, एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेली, एक शहरातल्या, आणि आजी दोन्ही रोज घेत होत्या, उठलं की चक्कर. एक स्ट्रिप आमच्याच दुकानातली होती हो. लगेच डॉक्टरांना फोन लावून एक बंद करून घेतली, पण तेव्हापासून मन लागत नाही.

बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ब्रँडचं नाव दिसतं, कंटेंट म्हणजे आतलं मूळ औषध पटकन दिसत नाही. नावावर शोधावं तर एकाच नावाचे तीन-तीन पाटील, आणि मोबाईल नंबर कधी मुलाचा कधी सुनेचा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असलेल्याला दुखण्याची गोळी देताना तरी आधी कळायला पाहिजे ना, रक्तस्रावाचा धोका असतो!

तुम्ही पेशंटचं कार्ड बनवता का? कंटेंटनुसार नोंद ठेवणारं, दुसऱ्या दुकानातली औषधंही टाकता येतील असं सॉफ्टवेअर कोणी वापरतंय का? की सरळ वहीच बरी? आणि गर्दीच्या वेळी हे कसं जमवता, तेही सांगा प्लीज.