स्प्लिट एसीतून घरात पाणी गळतंय, गॅस भरायलाच लागेल का?

वसईकरीण:
नमस्कार मंडळी, बेडरूममधला दीड टनाचा स्प्लिट, चार वर्षं झाली. आठवडाभर झाला, रात्री दोनेक तास चालला की डाव्या कोपऱ्यातून टपटप सुरू, भिंतीचा रंग फुगलाय, सासूबाईंचा पलंग सरकवून तिथे पातेलं ठेवलंय. मेकॅनिक आला, दोन मिनिटं बघून म्हणाला गॅस भरा, अडीच हजार. पण कूलिंग तर मस्त आहे हो. आणि एसीत आपण पाणी घालतच नाही, मग येतं कुठून?

दमटहवा:
ताई, हवेतलंच पाणी आहे ते. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की बाहेरून ओली होते ना, तसंच आतल्या थंड कॉईलवर होतं, ते खालच्या ट्रेमध्ये जमतं आणि ड्रेन पाईपातून बाहेर जातं. वसईच्या हवेत तासाला लिटरभर सहज निघेल. माझा भाऊ नागपूरला असतो, मे महिन्यात त्याच्या पाईपातून जेमतेम थेंब येतात, तिथली हवाच कोरडी. म्हणजे पाणी बनणारच, फक्त ते बाहेर का जात नाहीये ते शोधा.
गॅस कमी झाला तर कॉईलवर बर्फ धरतो, तो वितळला की घरात पाणी येतं हे खरं, पण मग कूलिंगही पडतं. तुमचं चांगलंय ना, मग आत्ता पैसे देऊ नका प्लीज. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, बंद नळीत फिरत राहतो, कमी झालाच असेल तर कुठेतरी लीक आहे, ते आधी काढायला सांगायचं. फिल्टर कधी धुतलात? धुळीने हवा अडली तरी बर्फ होतो.

तिसरामजला:
बाहेर पाईपातून पाणी पडतंय का ते आधी बघा. पडत नसेल तर पाईप तुंबलाय. आमच्याकडे टोक बादलीत सोडलेलं, बादली भरून टोक बुडालं की पाणी पुढे सरकायचंच नाही. पाईपाला सरळ उतार हवा, मध्ये झोळ नको. आणि हात घालायच्या आधी मेन स्विच बंद!

वसईकरीण:
मिळालं! पाईप दोरीला बांधलेला होता तिथे झोळ पडलेला, टोकाला व्हॅक्युम क्लीनर लावला (ओलं ओढणारा आहे आमचा) तर बोटभर लांबीचा काळपट बुळबुळीत गोळा बाहेर आला, मागून भडाभडा पाणी. फिल्टरवर तर गोधडीसारखी धूळ, तोही धुतला. काल रात्रभर एक थेंब नाही, सासूबाई परत पलंगावर. सकाळी बादली काठोकाठ, लादी पुसली त्यात. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत चालेल का?

दमटहवा:
बॅटरीत अजिबात नको, कॉईलवरची धूळ आणि धातूचा अंश असतो त्यात, तिथे विकतचं डिस्टिल्ड वॉटरच घाला. लादी, संडास-बाथरूमला बिनधास्त वापरा. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग मात्र लावू नका.