जुळे सोलापुरात आमच्या गल्लीत भाड्याच्या घरांची इमारत होणार आहे. हरकत कशावर घ्यावी?

प्रश्न (रहिवासी, जुळे सोलापूर)

नमस्कार. आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरील रिकाम्या भूखंडावर सहा मजली इमारत होणार असून तिच्यातील एकही घर विकले जाणार नाही, एक-दोन खोल्यांची साठ घरे विद्यार्थी आणि नोकरदारांना भाड्यानेच दिली जातील, असे जागेच्या मालकांनी सांगितले. आमची गल्ली बैठ्या घरांची आहे. नळाला तीन-चार दिवसांआड येणारे पाणी हौदात साठवून पुढच्या पाळीपर्यंत पुरवावे लागते आणि उन्हाळ्यात बोअर आटले की टँकरशिवाय गत्यंतर नसते. ड्रेनेजची वाहिनी कॉलनी वसली तेव्हाची आहे. पावसाळ्यात आमच्याच दारातले चेंबर भरून वाहते. परवाच्या बैठकीत 'भाडेकरूंची वस्ती नको' असे निवेदन देण्याचा काहींनी आग्रह धरला. त्यावर सही करायला माझे मन धजले नाही, पण गप्प बसणेही पटत नाही. दाद कुठे आणि कोणत्या मुद्द्यांवर मागावी?

उत्तर 1 (निवृत्त बांधकाम अभियंता)

आपण सही केली नाहीत, हे योग्यच झाले. राहणारा मालक आहे की भाडेकरू, यावर निवासी इमारतीची परवानगी ठरत नाही. ती 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार ठरते आणि तिथे रस्त्याच्या रुंदीला फार महत्त्व आहे, कारण किती चटईक्षेत्र (सर्व मजल्यांचे मिळून बांधकाम) मिळेल हे बऱ्याच अंशी तीवरच अवलंबून असते. म्हणून आधी टेप घेऊन रस्ता मोजा. मग महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाकडे माहिती अधिकारात मंजूर किंवा प्रस्तावित नकाशाची प्रत मागा. दहा रुपये शुल्क आहे आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नकाशात सदनिका दाखवल्या आहेत की वसतिगृह, हे बारकाईने पाहा, कारण पार्किंगचा हिशेब त्यावरून बदलतो. भूखंडाचे आरक्षण, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात तो ज्या कामासाठी राखला आहे ते, बदलले जात असेल, तर 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतीसाठी एक महिना मिळतो. ती मुदत चुकवू नका. महारेराकडे (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) मात्र जाऊ नका. रेरा कायदा घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे.

उत्तर 2 (भाडेकरू, रुग्णालयात नोकरी)

मी मंगळवेढ्याहून येथे नोकरीसाठी आले तेव्हा खोली शोधताना आधी आडनाव आणि मग 'एकट्याच राहणार का' असे विचारले गेले. रात्रपाळी आहे म्हटल्यावर दोन ठिकाणी दार लावून घेतले. पाण्याची आपली काळजी खरी आहे, कारण नळाच्या पाण्याची पाळी चुकली की आमचेही हाल होतात. पण निवेदनात आमच्यासारख्यांना धोका ठरवू नका. त्याऐवजी प्रत्येक भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा, अशी मागणी करा. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार ती जबाबदारी घरमालकाचीच आहे आणि तिचे पालन झाल्यास आम्हालाही संरक्षण मिळते.

उत्तर 3 (रहिवासी, विजापूर रोड)

आमच्याकडे अशी इमारत झाली तेव्हा भाडेकरूंचा त्रास काहीच झाला नाही. त्रास झाला तो नळाला थेट लावलेल्या मोटारीचा. उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेले पाणी शेवटच्या पन्नास फुटांत एकानेच ओढून घेतले आणि पुढच्या घरांत धारही पडेना. आम्ही दोन उन्हाळे भांडलो. तेव्हा बांधकाम सुरू होण्याआधीच आग्रह धरा की जोडणी गल्लीतल्या वाहिनीवरून न देता मोठ्या वाहिनीवरून द्यावी आणि पाळीच्या अंतराला पुरेल एवढी जमिनीखालची टाकी बांधून घ्यावी. भूखंड 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठा असेल, तर पर्जन्यजल संकलन सक्तीचे आहे. ते नकाशावर दाखवून नंतर विसरले जाते, म्हणून प्रत्यक्ष जाऊन पाहा. तेथेच राहणारा एक व्यवस्थापक असावा, हेही लिहून घ्या. मालक पुण्यात आणि तुंबलेले चेंबर आपल्या दारात, अशी आमची गत झाली होती.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आज संध्याकाळी आम्ही चौघांनी रस्ता मोजला. तो जेमतेम नऊ मीटर भरला. माहितीचा अर्ज सोमवारी देत आहे. निवेदनाचा नवा मसुदा पाणी, ड्रेनेज, पार्किंग आणि नोंदणीकृत करार एवढ्यावरच ठेवला असून 'भाडेकरू नकोत' हे वाक्य काढून टाकले आहे. आग्रह धरणाऱ्यांपैकी दोघांनी त्यावर सही केली, उरलेल्यांशी रविवारी पुन्हा बोलणार आहे.