नवी चेन बसवल्यापासून जोर दिला की ती दाते सोडते; नेमके काय बदलावे?

प्रश्न

माझ्या सायकलला पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (मोठ्या दातेरी चकत्या) आणि मागे सात दातेरी चकत्या आहेत. गेली चार वर्षे मी ती जवळजवळ रोज, जाऊन-येऊन सोळा किलोमीटर चालवतो. या काळात टायर, ट्यूब, ब्रेकच्या तारा आणि ब्रेक शू बदलून झाले, परंतु चेन मूळचीच होती. ती फार आवाज करू लागली होती आणि काढून आडवी धरली तर धनुष्यासारखी वाकत होती, म्हणून मागच्या आठवड्यात मी घरीच नवी चेन बसवली. खोक्यावर ती सहा, सात आणि आठ गियरसाठी असल्याचे छापलेले आहे, आणि जुन्या चेनच्या कड्या मोजून तेवढ्याच कड्या ठेवून मी ती कापली.

अडचण अशी आहे की सपाट रस्त्यावर सावकाश चालवताना सर्व सुरळीत असते, पण चढावर पेडलवर उभे राहून भार टाकला की चेन खाडकन दाते सोडते आणि पाय एकदम खाली जातो. हे लहान बाजूने मोजल्यास तिसऱ्या आणि चौथ्या चकतीवर नेहमी होते, पाचवीवर कधीतरी होते, आणि सर्वांत मोठ्या दोन किंवा सर्वांत लहान चकतीवर अजून एकदाही झालेले नाही. जुनी चेन इतकी खराब असूनही तिने असा त्रास कधी दिला नव्हता, आणि हेच मला सर्वांत कोड्यात टाकते.

दुरुस्तीच्या दुकानात दाखवले असता पुढच्या चेनरिंग, मागच्या सर्व चकत्या आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारी यंत्रणा) असे सगळेच बदलावे लागेल असे सांगण्यात आले. जे खरोखर संपले आहे ते बदलण्यास माझी हरकत नाही, पण चांगला भाग काढून टाकणे मनाला पटत नाही. कोणता भाग झिजला आहे हे घरी कसे ओळखावे? तोपर्यंत जुनी चेन परत बसवली तर चालेल का? आणि मागच्या चकत्या बदलायच्याच झाल्या, तर त्या काढण्याची पद्धत कोणती?

प्रतिसाद १

सर्वप्रथम एक विनंती करतो. हा दोष दूर होईपर्यंत पेडलवर उभे राहू नका. चेन सुटते त्या क्षणी शरीराचा सगळा भार पुढे जातो आणि माणूस हँडलवर आदळतो. रहदारीत हे फार महागात पडू शकते.

आता कोड्याकडे वळतो. चेन ताणली गेली असे आपण बोलताना म्हणतो, पण तिच्या पट्ट्या काही रबरासारख्या लांबत नाहीत. प्रत्येक सांध्यात एक पिन फिरते, तेलात मिसळलेली धूळ तिथे कुरुंदासारखे काम करते, पिन आणि तिच्या भोवतीचा धातू झिजतो आणि त्या सांध्याला केसाएवढी ढिलाई येते. शंभराहून अधिक सांध्यांची ढिलाई एकत्र आली की चेन लांबलेली दिसते. नव्या चेनमध्ये एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचे अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असते आणि चकत्यांचे दातेही त्याच अंतराला जुळतील असे कापलेले असतात. झिजलेल्या चेनचे हे अंतर वाढल्यामुळे ती दात्यांच्या बुडाशी न बसता थोडी वर चढून बसते, आणि हळूहळू दात्यांची भार घेणारी बाजू खरवडून त्यांना आकड्यासारखा आकार देते. तुमची जुनी चेन आणि तुमच्या आवडत्या चकत्या अशा एकमेकींना साजेशा झिजत गेल्या, म्हणून जुनी चेन सुटत नव्हती. नव्या चेनचे रोलर मात्र त्या आकड्यांमध्ये नीट उतरत नाहीत. अनेक दात्यांनी मिळून उचलायचा भार एकदोन दात्यांवर येतो आणि जोर वाढला की चेन त्यांच्यावरून चढून पलीकडे पडते.

तुम्ही चकत्यांची नोंद ठेवली आहे तीच येथे सर्वांत मोलाची आहे. ज्या चकत्या तुम्ही रोज वापरता त्यांच्यावरच चेन सुटते आणि क्वचित वापरल्या जाणाऱ्या चकत्यांवर सुटत नाही, याचा अर्थ दोष मागच्या चकत्यांत असण्याची शक्यता फार मोठी आहे. डिरेलर बदलण्याचे कारण मला तुमच्या वर्णनात कुठेच दिसत नाही.

खात्रीसाठी जुनी चेन मोजा. ती टाकली नसेल अशी आशा आहे. खिळ्याला टांगून खालून हलका ताण द्या आणि पोलादी पट्टीने एका पिनच्या वरच्या कडेपासून चोविसाव्या सांध्यापलीकडच्या पिनच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर घ्या. नव्या चेनमध्ये ते ३०४.८ मिलिमीटर भरते. तुमच्यासारख्या सात गियरच्या सायकलवर ते ३०७ च्या आसपास गेले की चेन बदलावी, कारण तोपर्यंत चकत्या सहसा वाचलेल्या असतात. ३०८ च्या पुढे गेल्यावर नवी चेन जुन्या चकत्यांशी जुळेल याचा भरवसा राहत नाही. अकरा-बारा गियरच्या अरुंद चेनसाठी मर्यादा आणखी कडक असून ३०६.३ च्या आसपासच बदल करणे हिताचे असते.

पुढच्या चेनरिंगबद्दल घाई करू नका. पुढे ३८ दाते आणि मागे १६ असतील, तर मागची चकती तेवढ्याच प्रवासात दुपटीहून अधिक फेऱ्या मारते, आणि भार वाटून घ्यायला तिच्याकडे दातेही कमी असतात. म्हणून मागचे दाते आधी संपतात. नवी चेन चढवलेली असताना चेनरिंगच्या अगदी पुढच्या टोकाशी ती बोटांनी पुढे ओढून पाहा. ती घट्ट बसून राहिली तर चेनरिंग ठीक आहे, आणि दात्याचा निम्मा भाग उघडा पडला तर ती झिजली आहे. जोर देताना चेन चेनरिंगच्या खालच्या बाजूने सुटत नसेल आणि दात्यांना चिकटून वर ओढली जात असेल, तर तेही झिजल्याचे लक्षण समजावे.

प्रतिसाद २

वरील निदान मलाही बरोबर वाटते, पण नवे भाग आणण्यापूर्वी तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण लक्षण सारखे आणि कारण वेगळे असे या दोषात अनेकदा होते.

पहिली गोष्ट म्हणजे ताठर सांधा. चेन घरी जोडली असेल तर पिन दाबताना बाहेरच्या पट्ट्या आवळल्या जातात आणि तो एक सांधा मोकळा वळत नाही. पेडल सावकाश उलटे फिरवा आणि डिरेलरच्या दोन लहान चाकांकडे बघत राहा; ताठर सांधा तिथून जाताना डिरेलरचा दांडा उडी मारतो. असा सांधा सापडला तर दोन्ही हातांनी चेन त्या ठिकाणी आडवी, थोडी थोडी वाकवावी, म्हणजे पट्ट्या सैल होतात. या दोषाला ठरलेली लय असते हेही लक्षात ठेवा. चेनमध्ये ११४ सांधे असतील आणि पुढे ३८ दात्यांची चेनरिंग असेल, तर पेडलच्या बरोबर तीन फेऱ्यांत चेनची एक फेरी होते, त्यामुळे झटकाही दर तीन फेऱ्यांनी येईल. तुमचा झटका भारावर अवलंबून आहे, लयीवर नाही, हे मी येथे गृहीत धरतो आहे. एकदा मोजून मात्र पाहा.

दुसरी गोष्ट, गियरच्या तारेचा ताण आणि डिरेलर ज्या पट्टीवर टांगलेला असतो ती पट्टी. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर ही पट्टी आत वाकते आणि चेन दोन चकत्यांच्या मध्येच रेंगाळते. सायकलच्या मागे बसून पाहिले असता डिरेलरची दोन्ही लहान चाके चकत्यांशी समांतर, एका उभ्या रेषेत दिसली पाहिजेत. तसे दिसत असेल तर तार जिथे डिरेलरमध्ये शिरते तिथला गोल स्क्रू पाव-पाव फेरी फिरवून, चेन चकतीवर बरोबर मध्ये चालेल असे करावे.

तिसरी गोष्ट, हबचा (चाकाच्या मधल्या भागाचा) किंवा फ्रीव्हीलचा (मागच्या चकत्यांच्या एका प्रकारच्या संचाचा) आतला खटका, जो पेडल थांबले तरी चाक फिरू देतो. तो घसरत असेल तर चेन दाते सोडत नाही. चेनसह सगळ्या चकत्याच एकदम पुढे फिरतात आणि चाक मागे राहते. हे कोणत्याही गियरमध्ये होते. तुमच्याकडे ते ठरावीक चकत्यांवरच होत असल्यामुळे खटक्याची शक्यता मला कमी वाटते.

प्रतिसाद ३

जुनी चेन परत बसवण्याबद्दल वर कोणी लिहिलेले नाही, म्हणून माझे मत सांगतो. साध्या पोलादी चकत्या असलेल्या रोजच्या वापराच्या सायकलवर जुनी चेन आणि जुन्या चकत्या एकत्र पूर्ण संपेपर्यंत चालवणे हा अगदीच चुकीचा मार्ग नाही. त्या एकमेकींशी जुळलेल्या आहेत, त्यामुळे त्या काही काळ निमूटपणे चालतील आणि तुम्हाला नवे भाग शोधायला वेळ मिळेल. मात्र त्या काळात झीज पुढच्या चेनरिंगवर चढत जाते आणि चेनरिंग बदलणे हे मोठे काम असते, म्हणून मी हे आठवड्यांपुरते करीन, वर्षभर करणार नाही. चेनची एखादी पट्टी तडकलेली किंवा एखादी पिन बाहेर डोकावणारी दिसली तर ती चेन एक दिवसही वापरू नये.

आता चकत्या काढण्याविषयी. मागे सात चकत्या असतील तर ते फ्रीव्हीलही असू शकते आणि कॅसेटही, आणि दोन्ही काढण्याची पद्धत निराळी असल्यामुळे आधी ओळख पटवणे अत्यंत आवश्यक आहे. चाक सायकलपासून वेगळे करा, चकत्यांच्या मधोमध हत्यार बसवण्यासाठी असलेल्या खाचांकडे पाहा आणि चकत्या मोकळ्या दिशेने फिरवा. खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर ती कॅसेट आहे. त्या जागेवर स्थिर राहिल्या तर ते फ्रीव्हील आहे.

कॅसेट हबवरच्या उभ्या खाचांवर सरकवलेली असते आणि बाहेरून एका आटे असलेल्या कड्याने धरलेली असते. चकत्या उलट फिरू नयेत म्हणून त्यांना चेनचा तुकडा लावलेल्या दांड्याने धरायचे आणि खाचांचे हत्यार घड्याळाच्या उलट दिशेला फिरवायचे. नवी कॅसेट चढवताना हबवरची एक खाच इतरांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते ती जुळवावी लागते, त्यामुळे ती चुकीची बसण्याची भीती नसते. कडे साधारण ४० न्यूटन मीटरने आवळतात, म्हणजे हाताला चांगला जोर जाणवेल इतके.

फ्रीव्हील मात्र हबच्या आट्यांवर फिरवून बसवलेले असते आणि आपण मारलेले प्रत्येक पेडल ते आणखी आवळत असते. चार वर्षे आवळलेले फ्रीव्हील लहान पान्याने सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्या फ्रीव्हीलच्या खाचांना नेमके बसणारे हत्यार घ्या, ते एक्सलच्या नटाने हलके दाबून धरा म्हणजे निसटून खाचा मोडणार नाहीत, हत्यार शेगड्यात (टेबलाला बसवलेल्या पकडीत, म्हणजे व्हाइसमध्ये) घट्ट पकडा आणि त्यावर चाक आडवे ठेवून रिम दोन्ही हातांनी घड्याळाच्या उलट दिशेला फिरवा. हत्यार धरण्यापेक्षा चाक फिरवल्याने हाताला फार मोठी पकड मिळते. पहिला कडाका ऐकू आला की थांबा आणि नट ढिला करा, नाहीतर सुटणारे फ्रीव्हील नटावरच अडकून बसेल. नवे चढवण्याआधी आट्यांना ग्रीस लावण्यास विसरू नका आणि सुरुवात हातानेच करा, कारण तिरके चढलेले आटे हबचा नाश करतात. शक्य असेल तर जुन्याइतक्याच दात्यांचे फ्रीव्हील घ्या. तसे केल्यास चेनची लांबी आणि डिरेलरची मांडणी पुन्हा करावी लागणार नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. जुनी चेन टांगून मोजली तेव्हा चोवीस सांध्यांचे अंतर ३०८.५ मिलिमीटर भरले, म्हणजे ती बदलायला मी फारच उशीर केला होता. खाचा स्थिर राहिल्या, त्यामुळे मागे फ्रीव्हील असल्याचे कळले. चाक धुऊन प्रकाशात धरल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या चकतीचे दाते एका बाजूला कललेले स्पष्ट दिसले, तर सर्वांत मोठ्या चकतीचे दाते अजून सरळ होते. ताठर सांधा सापडला नाही आणि झटक्याला लयही नव्हती. पुढे ओढून पाहिली तेव्हा मधल्या चेनरिंगवरून चेन जराशीच उचलली गेली.

काल शेगडा असलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे जाऊन फ्रीव्हील काढले. दोन वेळा हात घसरला, पण नटाने हत्यार धरून ठेवण्याची सूचना पाळल्यामुळे खाचा वाचल्या. तितक्याच दात्यांचे नवे फ्रीव्हील बसवले, चेनरिंग आणि डिरेलर जुनेच ठेवले, आणि आज त्याच चढावर बसून, नंतर जपून उभे राहून चालवले. चेनने एकदाही दाते सोडले नाहीत. आता एवढेच विचारायचे आहे की ही जोडी जास्त काळ टिकावी म्हणून काय करावे.

प्रतिसाद १

फार आनंद झाला. पहिल्या काही चढांवर नवे फ्रीव्हील आट्यांवर आणखी थोडे आवळले जाईल आणि गियर किंचित खरखरू लागतील. तेव्हा तारेचा गोल स्क्रू पाव फेरी फिरवून पाहा, दुसरे काही उघडू नका.

तेलापेक्षा पुसणे अधिक महत्त्वाचे आहे. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्यात चेन धरून पेडल उलटे फिरवा आणि काळा थर निघेपर्यंत पुसा. मग प्रत्येक रोलरवर तेलाचा एकच थेंब सोडा, काही मिनिटे मुरू द्या आणि बाहेरचे सगळे तेल पुन्हा पुसून घ्या, कारण तेलाची गरज आत पिनपाशी असते आणि बाहेरचे तेल केवळ धूळ धरते. गंजलेले नट सोडवण्याचा पातळ फवारा तेल म्हणून वापरू नका. तो आतले वंगण धुऊन नेतो आणि स्वतः लवकर उडून जातो. पावसात सायकल भिजली तर हे काम त्याच संध्याकाळी करावे.

पोलादी पट्टी सायकलच्या सामानातच ठेवा आणि महिन्यातून एकदा चेन सायकलवरच मोजा. ३०७ दिसताच नवी चेन चढवलीत तर हे फ्रीव्हील दोन किंवा तीन चेन पाहील असा माझा अनुभव आहे. आणि नवी चेन कापून उरलेल्या कड्या टाकल्या नसतील तर त्या जपून ठेवा. वाटेत एखादी कडी तुटली तर तेवढाच तुकडा जोडून घरी पोहोचता येते.