मदत हवी आहे: वर्गणी थकली म्हणून मंडळीचे सभासदत्व काढून घ्यावे का?

नमस्कार. आमची ख्रिस्ती मंडळी (म्हणजे चर्चचा सभासद-समुदाय) नंदुरबार जिल्ह्यातील एका गावात आहे. ज्या कुटुंबाची मासिक वर्गणी सलग 12 महिने थकेल, त्याची नावे सभासदांच्या नोंदवहीतून कमी करावीत, असा ठराव पंचकमिटीने (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीने) वार्षिक सभेपुढे ठेवला आहे. अशा कुटुंबाला मतदान करता येणार नाही, आणि घरातले लग्न किंवा दफन मंडळीतर्फे व्हायचे असेल, तर आधी थकबाकी भरावी लागेल. मी स्वतः कमिटीवर आहे आणि या ठरावाला लेखी हरकत घेणार आहे.

कमिटीची अडचण खरी आहे. पाळकसाहेबांचे मानधन आणि विजेचे बिल वर्गणीतूनच भागते. परंतु थकबाकीदारांची यादी वाचली, तेव्हा बहुतेक नावे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या घरांची निघाली. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटल्यावर त्यांच्या हाती फारसे काही उरत नाही. तरीही पावसाळ्यापूर्वी चर्चची कौले हीच माणसे शाकारतात, आणि उपकारस्तुतीच्या रविवारी भाताची पायली आणतात. त्याची नोंद वर्गणीच्या वहीत कुठेही होत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ठरावाच्या बाजूने बायबलमधील मलाखी 3:10 चे दशमांशाचे, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याचे, वचन आणि जर्मनीतील चर्च-कराचा दाखला दिला जातो. तेथे कर टाळण्यासाठी चर्च सोडल्याचे सरकारदरबारी जाहीर करणाऱ्या कॅथलिकांना संस्कार मिळणार नाहीत, असे बिशपांनी 2012 मध्ये ठरवले, हे खरे आहे. पण तो कर आयकराच्या 8 किंवा 9 टक्के असतो. ज्याला आयकरच लागत नाही, त्याला सहसा तोही लागत नाही, आणि त्याचे सभासदत्व कायम राहते. आमच्या ठरावात मात्र सर्वांना एकच रक्कम आहे. देणे भाग पडते म्हणून देऊ नये, असे प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिले (2 करिंथ 9:7), तेव्हा दफनासाठी थकबाकी मागणे मला कोणत्याही अर्थाने पटत नाही. कमिटीवर निवडून येण्यापुरती वर्गणीची अट असावी, एवढे मी मान्य करीन.

आपल्या मंडळीच्या घटनेत (नियमावलीत) श्रमदान किंवा धान्य वर्गणीत धरण्याची तरतूद आहे का? असल्यास तिची शब्दरचना कृपया द्यावी. तसेच, आमचा ट्रस्ट 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असून घटनेत बाप्तिस्मा आणि विश्वासाची कबुली एवढीच सभासदत्वाची अट आहे. ती केवळ सभेच्या ठरावाने बदलता येते, की घटनादुरुस्ती करून धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे जावे लागते? सभा पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असून हरकत आठ दिवस आधी द्यायची आहे.