बी-२०३ ची अँडोरा ट्रिप: व्हिसावर ‘०१’ आहे की ‘मल्ट’?

बी-२०३: नमस्कार मंडळी 🙏 एक शंका आहे. आमची लेक फ्रान्समध्ये तुलूजला विमानाचं इंजिनिअरिंग शिकतेय, माहीतच आहे सगळ्यांना. जूनमध्ये आम्ही दोघं पंधरा दिवस तिच्याकडे जाणार. ती म्हणते, तिथून तीन-साडेतीन तासांवर अँडोरा नावाचा देश आहे, दोन रात्री राहून येऊ. एका व्हिडिओत सांगितलंय की अँडोराला व्हिसाच लागत नाही. खरंय का हे?

सी-४०२: हो काकू, खरंय. अँडोरा टुरिस्टना व्हिसा देत नाही, मागतही नाही. बिनधास्त जा 👍

ए-१०१: अँडोरा म्हणजे फ्रान्स आणि स्पेनमधल्या पिरेनीज पर्वतातलं छोटं राज्य. क्षेत्रफळ जेमतेम ४६८ चौरस किलोमीटर. तिथे एक नाही, दोन राजे. एक फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष आणि दुसरा स्पेनमधल्या उर्जेलचा बिशप. १२७८ सालच्या करारापासून ही जोडी चालत आली आहे. १९९३ ला राज्यघटना झाली तरी दोघंही कायम. शाळेत असताना मुलांना सांगितलं की त्यांचा विश्वास बसायचा नाही.

बी-२०३: अरे वा सर! म्हणजे आमच्या फ्रान्सच्या व्हिसावर काम होईल ना?

डी-५०३: वहिनी, थांबा. सी-४०२ ने सांगितलं ते अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी अडचण आहे. भाजी फोडणीला टाकली आहे, दहा मिनिटांत सविस्तर लिहिते. तोवर फॉर्म भरला नसेल तर भरू नका.

सेक्रेटरी: मध्येच लिहितो, क्षमस्व. उद्या १० ते २ टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवावे.

डी-५०३: आले. वहिनी, अँडोरा व्हिसा मागत नाही हे बरोबर. पण तिथे विमानतळ नाही, रेल्वे नाही. जायचं तर रस्त्याने, तेही फ्रान्सकडून नाहीतर स्पेनकडून. अँडोराच्या नावाचा जो विमानतळ आहे तो ला सेउ द’उर्जेलला, म्हणजे स्पेनच्या हद्दीत. आणि अँडोरा शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. तुलूजहून बस निघाली, पास दे ला कासा हे सीमेवरचं अँडोरातलं गाव आलं, की कागदोपत्री तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडलात. परत तुलूजला येताना शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश करताय. तुमचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर तो पहिल्या दिवशी पॅरिसच्या विमानतळावरच वापरून झालेला असतो. मग परत यायचं कसं?

बी-२०३: बाई गं. पण ताई, लेक स्वतः दोनदा जाऊन आलीये मैत्रिणींबरोबर. तिला कोणी काही विचारलं नाही.

डी-५०३: तिचं वेगळं, तुमचं वेगळं. तिच्याकडे विद्यार्थ्यांचा दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे, फ्रान्समध्ये राहण्याचा परवाना आहे. ती कितीदाही बाहेर जाऊन आत येऊ शकते. तुम्हाला मिळणार पर्यटकाचा छोटा व्हिसा. घरात राहणाऱ्याच्या खिशात किल्ली असते, पाहुण्याला दरवेळी बेल वाजवावी लागते. मुलं स्वतःच्या अनुभवावरून आईवडिलांना सांगतात, त्यांचं मन चांगलंच असतं, पण त्यांच्या लक्षातच येत नाही की आपला कागद वेगळा आहे.

सी-४०२: काकू, माझा ऑफिसमधला मित्र सिंगल एंट्रीवर जाऊन आला. बस थांबलीसुद्धा नाही म्हणे.

डी-५०३: असेल रे, खोटं नाही म्हणत. त्या सीमेवर बऱ्याचदा पासपोर्ट बघत नाहीत, जास्त लक्ष कस्टमवाल्यांचं असतं, सिगारेट आणि दारूवर. पण पासपोर्ट बघायचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, आणि एखाद्या दिवशी ते बसमध्ये चढतात. त्या दिवशी आपल्या हातात काय असेल? साठीला आलेल्या माणसांनी, भाषा येत नसताना, वापरून संपलेल्या व्हिसावर तिथे उभं राहायचं? पुढे मागे लेकीचं लग्न, बाळंतपण, कितीदा व्हिसा लागेल. एकदा प्रवेश नाकारल्याची नोंद झाली की ती मागे लागते. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाहेरच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने नवी पद्धत सुरू झाली आहे. शिक्क्याऐवजी ये-जा संगणकात नोंदवतात, चेहऱ्याचा फोटोही घेतात. शिक्का पुसट होता, दिसला नाही, असं आता चालायचं नाही.

सी-४०२: हे माहीत नव्हतं. माझा मेसेज मागे घेतो काकू.

डी-५०३: घे, पण मनाला लावून घेऊ नकोस. आमचंच झालंय म्हणून एवढं सांगतेय. २०१८ ला आम्ही दोघं बार्सिलोनाला गेलो होतो. ह्यांना सह्याद्रीची सवय, पिरेनीज बघायचाच म्हणून हट्ट होता. एजंटला अँडोरा आहे हे आधीच सांगितलं होतं. त्याने फॉर्म भरला आणि प्रवेशाच्या रकान्यात ‘एक’ वर खूण केली. आम्ही न बघता सही केली. बसची तिकिटं काढून झाली. आदल्या रात्री हॉटेलात पासपोर्ट कमरेच्या पाऊचमध्ये ठेवताना मी चष्मा लावून व्हिसाचा स्टिकर वाचला. प्रवेशांच्या संख्येखाली ‘०१’. एजंटला फोन लावला, तर म्हणाला, जा हो काकू, तिकडे कोण बघतंय. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तिकिटं टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याशिवाय बस गेली. आता ह्यांचे गुडघे ऑपरेशनला आलेत. राहून गेलं ते राहूनच गेलं.

ए-१०१: वाईट वाटलं वाचून.

बी-२०३: ताई 😔 मग मी नक्की काय करू ते सांगा. आम्ही पहिल्यांदाच जातोय.

डी-५०३: फॉर्ममध्ये ‘किती प्रवेश हवेत’ असा प्रश्न असतो. तिथे ‘एक’ सोडून ‘दोन’ किंवा ‘अनेक’. तुम्ही ‘अनेक’ मागा. पण नुसती खूण करून भागत नाही, कारणही द्यावं लागतं. सोबतच्या पत्रात तारखांसह लिहा: अमुक तारखेला पॅरिसला उतरणार, मग तुलूज, अमुक दिवशी बसने अँडोरा ला वेल्ला (अँडोराची राजधानी), दोन रात्री तिथे, अमुक दिवशी परत तुलूज, म्हणून दुसरा प्रवेश लागेल. अँडोरातल्या हॉटेलचं बुकिंग आणि जाण्यायेण्याच्या बसचं बुकिंग जोडा, पण रद्द करता येईल असंच करा. अधिकाऱ्यासमोर गरज कागदावर दिसली पाहिजे. पहिल्याच अर्जात ‘अनेक’ देतील याची खात्री नसते. ‘०२’ दिला तरी तुमचं काम होतं: पॅरिसला एक, अँडोराहून परतताना दुसरा.

आणि पासपोर्ट हातात आला की तिथेच, दरवाज्याबाहेर पडायच्या आधी स्टिकर वाचा. फ्रान्सच्या स्टिकरवर फ्रेंचमध्ये असतं, घाबरू नका. ‘प्रवेश’ या रकान्याखाली ०१, ०२ किंवा ‘मल्ट’, म्हणजे अनेक. बाजूला मुक्कामाचे दिवस. वर कुठपासून कुठपर्यंत. नाव आणि पासपोर्ट नंबर एकेक अक्षर जुळवून बघा. दोघांचेही, कारण एकाला ०२ आणि दुसऱ्याला ०१ असंही होऊ शकतं.

बी-६०१: आम्हाला एकाने सांगितलं होतं, ज्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळेल त्याचा व्हिसा काढा, शेंगेन सगळं एकच. काकूंनी तसं केलं तर?

डी-५०३: अजिबात नको. ज्या देशात मुख्य मुक्काम त्याच्याकडेच अर्ज, हा नियम आहे. वहिनींचे दिवस फ्रान्समध्ये जास्त, म्हणजे फ्रान्सच. दुसऱ्या देशाचा काढायचा आणि तिथे पायच ठेवायचा नाही, हे सीमेवर विचारलं तर उत्तर काय देणार? फ्रान्सचा फॉर्म त्यांच्या सरकारी साइटवर भरायचा आणि मग व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे द्यायचे. ठसे ५९ महिने राहतात, म्हणजे पुढच्या वेळी कदाचित परत द्यावे लागणार नाहीत.

अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर कुणी ठेवू नये. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, अडलं तर पंचेचाळीसपर्यंत. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या वेळी अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं.

बी-२०३: फी किती आहे आता?

सी-४०२: माणशी ९० युरो, जून २०२४ पासून. केंद्राचा चार्ज वेगळा. हे मात्र मी पक्कं बघून सांगतोय 🙂

डी-५०३: बरोबर. आणि विम्याचं नीट ऐका. शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते सगळे घेतात. पण पॉलिसीवर फक्त ‘शेंगेन देश’ लिहिलेलं असेल तर अँडोरा त्यात येईलच असं नाही. डोंगरातला देश आहे, पाय घसरला तर? पॉलिसी घेताना अँडोरा धरलंय का ते लेखी विचारून घ्या. फरक थोड्या रुपयांचा असतो.

बी-२०३: राहणार लेकीकडेच, मग हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागेल का?

डी-५०३: तिच्याकडे राहणार असाल तर तिने तिथल्या मेरीत, म्हणजे त्यांच्या नगरपालिकेत जाऊन यजमानपत्र काढायचं. तीस युरोचे स्टॅम्प लागतात, तिच्या घराचे कागद लागतात, आणि मूळ प्रत तुमच्यापर्यंत यायला हवी. फोटो चालत नाही. तिची एका माणसाची खोली असेल तर मेरी जागा अपुरी म्हणून नाकारू शकते. म्हणून आजच तिला फोन करा. नाही जमलं तर तुलूजला साधं हॉटेल धरा, त्यात कमीपणा काही नाही.

ए-१०१: ताई, आम्ही दिवाळीत रोमला चाललो आहोत. व्हॅटिकनला जाताना पण हे दोनदा प्रवेशाचं लागेल?

डी-५०३: नाही सर. व्हॅटिकन, सान मारिनो आणि मोनाको इथे सीमेवर तपासणी नाही, चालत आत जाता. लिश्टेनश्टाइन तर २०११ पासून शेंगेनमध्येच आहे. छोट्या देशांमध्ये अँडोराचंच हे वेगळं आहे, म्हणून लोक फसतात. मोनाकोला काही लागलं नाही म्हणजे इथेही लागणार नाही, असं धरून चालतात.

बी-६०१: तिकडे फोनचं काय? आमच्या भाच्याला अँडोरात रोमिंगचं मोठं बिल आलं होतं.

डी-५०३: हे बरं काढलंत. फ्रान्सचं सिम असलं तरी युरोपियन युनियनमधलं फुकट रोमिंग अँडोरात चालत नाही, कारण तो युनियनमध्येही नाही. घाट चढायला लागलात की मोबाइल डेटा बंद करा. पैसे मात्र युरोच चालतात. आणि वहिनी, परतताना अत्तर, दारू, सिगारेट यांना मर्यादा आहे. तिथे स्वस्त म्हणून कोणी शेजारच्याने यादी दिली तर घेऊ नका.

सेक्रेटरी: टाकीचं लक्षात ठेवा मंडळी. आणि ताई, तुमचे हे मेसेज मी पिन करतो. दर वर्षी दोन-तीन घरं युरोपला जातात.

बी-२०३: ताई, किती वाचवलंत. लेकीला आत्ताच फोन केला, ती पण गप्प झाली. म्हणते, आई, मला हे सुचलंच नाही. उद्या यजमानपत्राची वेळ घेते म्हणाली. मी फॉर्म भरायला घेतला की फाईल घेऊन येऊ का तुमच्याकडे? सही करायच्या आधी तुम्ही एकदा नजर घाला.

डी-५०३: या की. उद्या टाकीमुळे दुपारी घरीच आहे. दोघांचेही पासपोर्ट आणा. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि दोन पानं कोरी हवीत, तेही बघून घेऊ.

बी-२०३: नक्की येते. काही आणू का तिकडून तुमच्यासाठी?

डी-५०३: काही नको. हे शेजारी बसून सगळं वाचतायत. विचारतायत, तुलूजहून जाताना बस एन्वालिराच्या खिंडीतून जाते की बोगद्यातून? २,४०८ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दीडपट. खिंडीतून जात असेल तर खिडकीकडची जागा घ्या आणि वरून एक फोटो पाठवा त्यांना.