शब्दचर्चा: ‘हॉट सीट’वरच्या प्रशिक्षकाला मराठीत कुठे बसवायचं?

मुद्रितशोधक:
अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलवरच्या मजकुरात ‘अमुक प्रशिक्षक हॉट सीटवर आहे’ हे वाक्य सारखं येतं. नोकरी अजून गेलेली नाही, पण यंदा निकाल बिघडले तर जाईल, असा त्याचा अर्थ. मराठीत त्यासाठी एकाच लेखात ‘गरम खुर्ची’, ‘हॉट सीट’, ‘गच्छंती अटळ’ आणि ‘हकालपट्टीच्या उंबरठ्यावर’ असे चार पर्याय दिसतात. ते एकमेकांच्या जागी चालतील का? शिवाय बायआउट (करार मुदतीआधी मोडल्यावर द्यायची रक्कम), इंटरिम (नवा मिळेपर्यंतचा तात्पुरता प्रशिक्षक) आणि ‘व्होट ऑफ कॉन्फिडन्स’ यांना काय म्हणायचं?

कोथरूडकर:
‘गरम खुर्ची’ आधी काढा. मराठीत खुर्ची उबवणं म्हणजे काहीही न करता पद अडवून बसणं. खुर्ची गरम म्हटली की वाचकाच्या डोळ्यांपुढे निवांत माणूस येतो. इथे माणसाची झोप उडालेली आहे.

‘हॉट सीट’ तसंच ठेवण्यातही घोळ आहे. २००० सालापासून आपल्याकडे हॉट सीट म्हणजे अमिताभ बच्चन यांच्या समोरची खुर्ची. तिथे पोचणं हे नशीब, कारण तिथून करोडपती होऊन उठता येतं. अमेरिकी बोलीत मात्र हा शब्द विजेच्या खुर्चीसाठी, म्हणजे मृत्युदंडाच्या खुर्चीसाठी आला आणि मग जाब द्यावा लागणाऱ्या कुठल्याही जागेला लागला. (गंमत अशी की तिथले मोठे प्रशिक्षकही या खुर्चीतून उठताना कोट्यवधी डॉलर घेऊनच उठतात. पण तो अर्थ शब्दात नाही, करारात आहे.)

टेक्सासवासी:
चारही पर्याय एकमेकांच्या जागी चालणार नाहीत, कारण ते धोक्याचे वेगवेगळे टप्पे आहेत. मी असे लावेन:

‘आसन डळमळीत’: कुरकुर सुरू झाली आहे, निर्णय कुणाच्या मनात नाही. साउथ कॅरोलायना विद्यापीठाचे प्रशिक्षक शेन बीमर २०२४मध्ये ९ विजय, ४ पराभव असे होते. २०२५मध्ये ते ४-८ झाले. एका वर्षात आसन हललं.

‘डोक्यावर टांगती तलवार’: हाच खरा ‘हॉट सीट’. पुढचा हंगाम निर्णायक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. फ्लोरिडा स्टेटचे माइक नॉर्व्हेल २०२३मध्ये १३-१, २०२४मध्ये २-१०, २०२५मध्ये ५-७. विस्कॉन्सिनचे ल्यूक फिकेल २०२४मध्ये ५-७, २०२५मध्ये ४-८. दोघांनाही २०२६साठी ठेवलं गेलं, पण तलवार काढून ठेवली असं कुणी म्हणणार नाही.

‘दिवस भरले’: आतून ठरलं आहे, फक्त जाहीर व्हायचं आहे.

‘गच्छंती’ मात्र घडलेल्या किंवा घडणारच अशा गोष्टीला. मूळ संस्कृत क्रियापद ‘गच्छन्ति’, म्हणजे ‘ते जातात’. त्याच्यापुढे ‘अटळ’ लावलं की शक्यता उरतच नाही. ‘नॉर्व्हेल यांची गच्छंती अटळ’ असं कुणी २०२५च्या ऑक्टोबरात छापलं असतं, तर नोव्हेंबरात तोंडघशी पडलं असतं.

‘व्होट ऑफ कॉन्फिडन्स’ला ‘विश्वासदर्शक ठराव’ अजिबात नको. तो विधानसभेत मांडला जातो आणि त्यावर मतदान होतं. इथे मतदान नसतं. विद्यापीठाचा क्रीडा संचालक एक निवेदन काढतो: ‘पुढच्या वर्षीही हेच प्रशिक्षक राहतील.’ याला ‘जाहीर पाठराखण’ म्हणा. विस्कॉन्सिनच्या क्रीडा संचालकांनी नोव्हेंबर २०२५मध्ये फिकेल यांची अशीच पाठराखण केली. मुरलेले वाचक अशा निवेदनात दोनच गोष्टी शोधतात: संघासाठी जादा पैसा जाहीर झाला का, आणि करारात बदल झाला का. फिकेल यांच्या बाबतीत पैसा जाहीर झाला. करारातला बदल कसा दिसतो ते ओक्लाहोमा स्टेटमध्ये पाहा. माइक गंडी २००५पासून तिथे मुख्य प्रशिक्षक. डिसेंबर २०२४मध्ये त्यांनी पगारकपात मान्य केली आणि काढल्यास द्यायची रक्कम दीड कोटी डॉलरवर आली. खुर्ची तेव्हाच हलली होती. २३ सप्टेंबर २०२५ला, टल्साविरुद्धच्या १९-१२ पराभवानंतर चार दिवसांनी, त्यांना काढलं.

करारवाचक:
‘काढलं’ या क्रियापदापाशी मला थांबायचं आहे. आपल्या क्रीडापानांवर डच्चू, नारळ, हकालपट्टी, उचलबांगडी हे शब्द आलटून पालटून येतात आणि इथे त्यातले बहुतेक चुकीचे ठरतात. डच्चू खेळाडूला मिळतो. निवड समितीने संघातून वगळलं की झालं, देणंघेणं काही नाही. उचलबांगडी अधिकाऱ्याची होते, आणि बहुतेक वेळा नोकरी शाबूत राहून जागा बदलते. मुख्य प्रशिक्षकाचं असं काही होत नाही.

सरकारी कार्यालयातले शब्द इथे चपखल बसतात. पाहायचं ते एकच: करारातल्या कोणत्या कलमाखाली काढलं?

‘कार्यमुक्त’: प्रशिक्षकाचा दोष सिद्ध न करता, निकाल पसंत नाहीत म्हणून काढणं. उरलेल्या कराराची ठरलेली रक्कम द्यावी लागते. तुम्ही ऐकलेली जवळपास सगळी नावं या रकान्यात येतात.

‘निलंबित’: चौकशी चालू आहे, पद तात्पुरतं काढून घेतलं आहे. नोकरी संपलेली नाही.

‘बडतर्फ’: गैरवर्तन किंवा करारभंगाच्या कलमाखाली काढणं. देणं शून्य, निदान विद्यापीठाच्या म्हणण्याप्रमाणे. मिशिगन स्टेटने मेल टकर यांना १० सप्टेंबर २०२३ला निलंबित केलं आणि २७ सप्टेंबरला बडतर्फ. २०२१चा त्यांचा करार दहा वर्षांचा, साडेनऊ कोटी डॉलरचा होता आणि त्यातले सुमारे आठ कोटी बाकी होते. ‘बडतर्फ’ हा एक शब्द आठ कोटींचा आहे, म्हणून तो सैलपणे वापरू नये.

लुइझियाना स्टेटचे ब्रायन केली २६ ऑक्टोबर २०२५ला गेले. सुमारे ५.४ कोटी डॉलर बाकी होते. आपल्याला नेमकं कसं काढलं, कारणासह (म्हणजे बडतर्फ) की कारणाविना (म्हणजे कार्यमुक्त), यावरूनच ते नोव्हेंबरात न्यायालयात गेले. शेवटी विद्यापीठाने ‘कारणाविना’ असं मान्य केलं. मधल्या महिनाभरात ज्यांनी ‘बडतर्फ’ छापलं त्यांनी नकळत एका वादात बाजू घेतली.

‘हकालपट्टी’त अपमान आहे. तो लेखकाचा अभिप्राय म्हणून चालेल, बातमी म्हणून नाही. ‘पायउतार’ होणारा स्वतः उतरतो, किंवा तसं दाखवलं जातं. परस्परसंमतीच्या निवेदनाला तो बरा.

मुद्रितशोधक:
आणि बायआउट? ‘नुकसानभरपाई’ चालेल?

कोथरूडकर:
चालेल, पण नुसतं ‘बायआउट’ ठेवलंत तर पुण्या-बंगळुरूचा वाचक उलटा अर्थ घेईल. आयटीत नोटीस पीरियडचा बायआउट कर्मचारी भरतो, किंवा त्याच्या वतीने नवी कंपनी भरते. पैसा कर्मचाऱ्याकडून जुन्या कंपनीकडे जातो.

करारवाचक:
कॉलेज फुटबॉलमध्ये दोन्ही दिशा आहेत, म्हणूनच एक शब्द पुरत नाही. विद्यापीठाने काढलं तर विद्यापीठ देतं, ती ‘करारभरपाई’. प्रशिक्षक मुदतीआधी सोडून गेला तर तो किंवा त्याचं नवं विद्यापीठ देतं, ते ‘करारमुक्ती शुल्क’. तुमच्या आयटीवाल्यांचा बायआउट तो हा.

करारभरपाईत आकडा एकच छापून भागत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात: एकूण किती, हप्ते कसे, आणि नव्या नोकरीचा पगार त्यातून वळता होतो की नाही. ‘वळती’ हा हिशेबातला जुना शब्द इथे नेमका आहे, ‘समायोजन’ वगैरे नको.

टेक्सास ए अँड एमने जिम्बो फिशर यांना १२ नोव्हेंबर २०२३ला कार्यमुक्त केलं. साठ दिवसांत १.९२ कोटी डॉलर, मग २०३१पर्यंत दरवर्षी ७२ लाख. आठ वर्षांचे ५.७६ कोटी आणि आधीचे १.९२ मिळून ७.६८ कोटी. वळतीचं कलम नव्हतं, म्हणजे त्यांनी दुसरीकडे कितीही कमावलं तरी यातला एक डॉलर कमी होत नाही. इतकी रक्कम झाली कशी? मूळ करार २०१७चा. २०२०चा ९-१ हंगाम पाहून २०२१मध्ये मुदत २०३१पर्यंत वाढवली आणि त्या दिवशी हा बोजा तयार झाला.

आता उलटं उदाहरण. पेन स्टेटने १२ ऑक्टोबर २०२५ला जेम्स फ्रँकलिन यांना काढलं, बाकी सुमारे ४.९ कोटी. पण त्यांच्या करारात वळती होती. नोव्हेंबरात ते व्हर्जिनिया टेकला गेले आणि पेन स्टेटचं देणं ९० लाखांवर मिटलं. म्हणून ‘पेन स्टेटने ४.९ कोटी मोजले’ हे वाक्य चूक, ‘४.९ कोटींचं देणं अंगावर आलं’ हे बरोबर.

मुदतवाढ देतात तरी का, असा प्रश्न वाचक विचारतोच. करार दोन-तीन वर्षांवर आला की शाळकरी खेळाडू आणि त्यांचे पालक विचारतात, ‘आमचा मुलगा शेवटच्या वर्षाला असेल तेव्हा तुम्ही असाल का?’ भरती अडू नये म्हणून मुदत वाढवतात आणि काढण्याची किंमत आपोआप चढते. तलवार टांगायची दोरी विद्यापीठच अशी जाड करत जातं.

एक हिशेबी चूक फार होते. दहा लाख म्हणजे एक मिलियन, दहा मिलियन म्हणजे एक कोटी. ‘७६ मिलियन’चे ‘७६ कोटी’ छापू नका. ते ७.६ कोटी डॉलर.

चौथा डाऊन:
इंटरिमबद्दल कुणी बोललंच नाही. ‘हंगामी प्रशिक्षक’ लिहिलं की घोटाळा होतो, कारण हंगाम हाच इथला मुख्य शब्द आहे. ‘यंदाच्या हंगामात हंगामी प्रशिक्षक’ म्हणजे काय, फक्त मोसमापुरता नेमलेला? ‘काळजीवाहू’ सरकारला शोभतं. ‘प्रभारी’ घ्या. प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी कुलगुरू हे सगळ्यांना कळतं. पेन स्टेटमध्ये टेरी स्मिथ, लुइझियाना स्टेटमध्ये फ्रँक विल्सन, फ्लोरिडात बिली गोन्झालेस हे २०२५मधले प्रभारी. तिघेही त्याच संघात आधीपासून सहायक प्रशिक्षक होते. तसंच करतात, कारण निवडीला वेळ लागतो आणि शनिवारी सामना असतो.

वारावरून आठवलं. सामना शनिवारी, निर्णय रविवारी. २०२५मध्ये १२ ऑक्टोबरला फ्रँकलिन, १९ला फ्लोरिडाचे बिली नेपियर, २६ला केली, २ नोव्हेंबरला ऑबर्नचे ह्यू फ्रीझ: सलग चार रविवार. गंडी यांचा मंगळवार अपवाद. नेपियर तर आदल्या दिवशी मिसिसिपी स्टेटविरुद्ध २३-२१ जिंकून आले होते. तेव्हा ‘पराभवानंतर काढले’ हा ठोकळा प्रत्येक वेळी बसवू नका, शनिवारचा निकाल आधी पाहा.

हंगाम संपेपर्यंत का थांबत नाहीत, हे लेखात एका वाक्यात तरी यावं. शाळकरी खेळाडूंच्या करारपत्रांवर सह्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतात. पूर्वी त्या मुख्यतः फेब्रुवारीत होत. २०१७पासून डिसेंबरची मुदत आली, २०२४पासून ती आणखी अलीकडे सरकली. त्यानंतर २ ते १६ जानेवारी, विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदणी. नवा प्रशिक्षक त्याआधी हजर हवा, म्हणून शोध ऑक्टोबरात सुरू करायचा. शोध उघडपणे करायचा तर खुर्ची रिकामी हवी.

टेक्सासवासी:
रिकाम्या खुर्च्यांच्या या फेरीला इंग्रजीत ‘कॅरोसेल’ म्हणतात. मराठीत ‘संगीत खुर्ची’ तयारच आहे. फ्रँकलिन व्हर्जिनिया टेकला गेले, कारण तिथली जागा १४ सप्टेंबरला ब्रेंट प्राय यांना काढल्यामुळे मोकळी झाली होती. केलींच्या जागी लेन किफिन ३० नोव्हेंबरला आले, तेही ओल मिसचा (मिसिसिपी विद्यापीठाचा) संघ बाद फेरीत पोचत असताना तो सोडून. किफिन यांना मात्र वरचं एकही क्रियापद लावू नका. त्यांना कुणी काढलं नाही, लुइझियाना स्टेटने त्यांना फोडलं. राजकारणातलं ‘फोडणं’ इथे अगदी शोभून दिसतं.

कोथरूडकर:
दोन किरकोळ गोष्टी. पहिल्या उल्लेखात ‘अमेरिकन फुटबॉल’ लिहा, नाहीतर कोल्हापूरचा वाचक गोल किती झाले ते शोधत बसेल. आणि ‘कॉलेज’चं ‘महाविद्यालय’ करू नका. तिकडे संघ विद्यापीठाचा असतो, ‘विद्यापीठ संघ’ लिहा. ‘क्रीडा संचालक’ हा शब्द बरोबर आहे, पण आपल्या विद्यापीठांतलं त्याच नावाचं पद नजरेसमोर ठेवू नका. तिकडचा संचालक कोट्यवधी डॉलरचा अर्थसंकल्प सांभाळतो आणि त्याचीही खुर्ची हलते. केलींना काढल्यावर चार दिवसांत लुइझियाना स्टेटचे संचालक स्कॉट वुडवर्ड यांनाही पद सोडावं लागलं. २०१७मध्ये टेक्सास ए अँड एममध्ये फिशर यांना आणणारेही तेच होते.

मुद्रितशोधक:
मजकूर असा बदलतो आहे. ‘नॉर्व्हेल हॉट सीटवर’ऐवजी ‘नॉर्व्हेल यांच्यावर टांगती तलवार’. ‘फिशर यांना ७६ कोटी देऊन हकालपट्टी’ऐवजी ‘फिशर कार्यमुक्त, २०३१पर्यंत ७.६८ कोटी डॉलरची करारभरपाई, वळती नाही’. ‘इंटरिम’ सगळीकडे ‘प्रभारी’. ‘नारळ दिला’ एका मथळ्यात राहू देऊ का?

करारवाचक:
मथळ्यात चालेल, खाली लगेच ‘कार्यमुक्त’ येत असेल तर. टकर यांच्या बातमीला नको. निरोपाचा नारळ हातात ठेवायचा, तर देणारा काहीतरी देतोय हे गृहीत धरलेलं असतं.